आमच्या गेटवर तोंड मागायला आलेली कंपनी

गेल्या मार्चमधल्या एका सकाळी माझ्या फोनवर एक कुलूप उगवलं. सोनेरी, गोल फिरणारं. दोन गिरक्या घेऊन ते 'खट्' करून बंद झालं आणि त्याच्याखाली कंपनीच्या प्रमुखांचं पत्र उलगडलं. आजपासून आमच्या प्रत्येक कामात सुरक्षा सर्वांत आधी, बाकी सगळं नंतर, असा त्याचा मथितार्थ होता. मी ते पत्र नवऱ्याला वाचून दाखवलं. नुसतं नाही, हॉलच्या मध्यभागी उभी राहून, एक हात छातीवर ठेवून, शेवटच्या वाक्याला आवाज थरथरवून. कचेरीच्या नाट्यस्पर्धांत मी अकरा वर्षं काम केलंय, असं पत्र हाती आलं की मला राहवत नाही.

नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "चांगलं आहे की. सुधारले."

"सुधारले? अहो, माणूस खरंच दारू सोडतो तेव्हा आधी घरच्यांना कळतं. यांनी आधी बँडवाल्याला बोलावलंय."

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणून त्याने पान उलटलं.

ही कंपनी म्हणजे आमच्या गेटचं ॲप चालवणारी. गोडदेवमध्ये आमची सात मजली इमारत आहे, गल्ली इतकी अरुंद की समोरच्या इमारतीतल्या फोडणीवरून त्यांच्याकडे कुठली भाजी आहे ते सांगता येतं. तीन वर्षांपूर्वी सोसायटीने हे ॲप घेतलं. गेटवर कुणी आलं की वॉचमन त्याचा फोटो काढतो, आपल्या फोनवर घंटी वाजते, आपण 'सोडा' म्हणायचं की तो माणूस आत. कंपनी मोठी. आमच्यासारखी हजारो गेटं तिच्या ताब्यात असावीत. आणि या तीन वर्षांत तिने आमच्यासाठी काय केलं? गणपतीत ॲपवर मोदक नाचवले. दिवाळीत पणत्या लावल्या. दूधवाला आला की घंटीच्या खाली गाद्यांची जाहिरात दाखवली. सुरक्षेचं नावही कधी घेतलं नव्हतं. त्यांची सुरक्षा किती पाण्यात आहे हे मला ठाऊक होतं, कारण या कंपनीचं एक दार उघडं आहे हे त्यांच्याही आधी मला कळलं होतं.

ते असं झालं. मी सत्तावीस वर्षं सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन दोन वर्षं झाली, पण सवयी गेल्या नाहीत. फोनवरची गोष्ट संगणकावर न्यायची असेल तर फोन शेजारी उभा करायचा आणि बघून टाइप करायची, हीच माझी पद्धत. हल्लीची मुलं हे ऐकून कपाळाला हात लावतात. लावू देत. मागच्या वर्षी पावसाळ्यात प्लंबर नक्की कुठल्या दिवशी येऊन गेला यावरून नवऱ्याचं आणि माझं वाजलं. नवरा कागदाशिवाय काही मान्य करत नाही. कंपनी दर महिन्याला घरोघरच्या पाहुण्यांच्या अहवालाची लिंक पाठवते, म्हटलं तो छापूनच याच्या हातात देऊ. फोन उभा केला आणि ती लांबलचक लिंक टाइप करायला घेतली.

आता, अक्षरं मी डोळे मिटून टाइप करते. आकड्यांच्या ओळीत मात्र माझं बोट घसरतं. टायपिंगच्या परीक्षेतही माझे मार्क तिथेच गेले होते. आमच्या घराच्या लिंकच्या शेवटी चारशे सतरा होतं. माझ्याकडून सातच्या जागी सहा पडला. आणि समोर उघडलं आमच्या शेजारचं घर. चेअरमनसाहेबांचं.

कोण आलं, किती वाजता आलं, कशासाठी आलं, फोटोसकट. पासवर्ड विचारला नाही, काही नाही.

मी ते लगेच बंद केलं असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं. मी चहा करून आणला आणि वाचत बसले. चेअरमनसाहेबांकडे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक गृहस्थ येतात, आणि ते कशासाठी येतात हे कळल्यावर मी चहाचा कप खाली ठेवून एकटीच टाळ्या वाजवल्या. ते काय, ते मी सांगणार नाही. इथेही नाही.

चहा संपला आणि मग मात्र मला दुसरी बाजू सुचली. सातच्या जागी सहा पडला की मला त्यांचं घर दिसतं, तर सहाच्या जागी सात पडला की त्यांना माझं दिसणार. आणि माझ्या घराच्या पानावर होळीचा दिवस होता.

इथे मला एक कबुली देणं भाग आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या पुरणपोळ्या प्रसिद्ध आहेत. दर होळीला चाळीस पोळ्या मी घरोघर वाटते. लोक वर्षभर नाव काढतात. त्या पोळ्या मी करत नाही. गोडदेव नाक्याच्या पलीकडे एक बाई घरगुती पोळ्या करून देते, ती होळीच्या सकाळी साडेदहाला स्टीलचा डबा घेऊन येते. त्या वेळी नवरा दरवर्षी बाजारात गेलेला असतो, कारण त्याला मीच पाठवलेलं असतं. आणि आमचा वॉचमन इतका इमानदार की कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: पुरणपोळी, नग चाळीस.

मी कंपनीला कळवलं. अर्थात पोळ्यांचं नाही, दाराचं. सुवाच्य, मुद्देसूद पत्र टाइप केलं. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि त्याखाली पाच चांदण्या, त्यातल्या किती द्याल म्हणून. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं की लिंक फक्त आपल्यालाच पाठवली जाते, त्यामुळे ती दुसऱ्या कुणाकडे असण्याचा प्रश्नच येत नाही. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं की आपली समस्या सुटली आहे. मी उत्साहाने सातच्या जागी सहा टाकला. चेअरमनसाहेबांचे शनिवार जसेच्या तसे.

मी एका टायपिस्टच्या खुर्चीत बसून सत्तावीस वर्षं हेच पाहिलं होतं. आमच्या कचेरीत एकदा शॉर्टसर्किट होऊन एक कपाट जळालं. वायरिंग बदललं नाही. चार बादल्या आल्या, त्यांना लाल रंग दिला, त्यांवर 'आग' असं लिहिलं आणि साहेबांच्या हस्ते त्या भिंतीला टांगल्या. त्या समारंभाचं परिपत्रक मीच टाइप केलं, अकरा प्रतींत. तेव्हापासून कुठल्याही मोठ्या संस्थेने एकाएकी काळजीची घोषणा केली की माझी नजर आधी बादलीच्या तळाकडे जाते.

पण ही सगळी तोवर माझी करमणूक होती, हे कबूल करते. जानेवारीत ती करमणूक राहिली नाही.

आमच्याकडे समुद्रकाठच्या पाली गावाहून एक मासळीवाली मावशी येते. बावीस वर्षं येते. पहाटे घरून निघते, उत्तनच्या बसने स्टेशनला येते, पूल ओलांडून पूर्वेला, आणि मग पाटी डोक्यावर घेऊन आमची गल्ली. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, रविवार. आमच्या इमारतीत निम्म्या घरांत आता म्हातारी माणसंच आहेत, त्यांना तीच वर नेऊन देते, साफ करूनही देते. साठीची आहे, गळ्यात क्रूस, कमरेला खोचलेलं लुगडं, आणि आवाज असा की लिफ्टची गरज नाही. ॲप आलं तेव्हा 'रोज येणाऱ्या' लोकांत तिचं नाव घालायला सोसायटीने तिचा फोटो, आधार आणि फोन नंबर घेऊन कंपनीला दिला होता. तिने मुकाट्याने दिलं होतं.

जानेवारीत एका मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. शुक्रवारी आली ती थेट माझ्या दारात बसली, पाटी बाहेर ठेवून.

"बाय, मना पोलिसाचा फोन आयला."

"कसला पोलीस?"

"सांगला, तुज्या नावाचा पार्सल पकडलाय. मी म्हनलं, बाबा, मी जन्मात पार्सल धाडला न्हाय. तर त्यानं माजा नाव सांगला, गाव सांगला. आधारचा नंबर वाचून दावला. आनि सांगला, तू मंगलवारी अमक्या बिल्डिंगीत सव्वादहाला जाते, समोरच्या बिल्डिंगीत अकराला. घरातना हलू नको, आमची मानसां येतान." तिने माझा हात धरला. "दोन दिस दार लावून बसली मी. मना सांग, त्याला कसा कलला मी सव्वादहाला येते?"

कसं कळलं? सव्वादहा ही वेळ जगात दोघांनाच माहीत होती. आमच्या वॉचमनला आणि त्या ॲपला. आणि वॉचमनला मावशीच्या आधारचा नंबर पाठ नव्हता.

पुढच्या आठवड्यात पेपरात आलं, एका मोठ्या गेट-ॲपमधली लोकांची माहिती बाहेर गेल्याची बोलवा आहे. कंपनीने 'काही असामान्य हालचाल' आढळल्याचं दोन ओळींत कळवलं. मावशीला त्या दोन ओळीही कुणी कळवल्या नाहीत. ती ग्राहक नव्हती ना, ती नोंद होती. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी ते सोनेरी कुलूप.

कुलपाच्या पाठोपाठ आली योजना. रोज येणाऱ्या प्रत्येकाने, म्हणजे कामवाल्या, दूधवाला, पेपरवाला, मासळीवाली, सगळ्यांनी एप्रिलअखेर गेटवरच्या नव्या कॅमेऱ्यासमोर उभं राहून आपलं तोंड नोंदवायचं. समोरून, डावीकडून, उजवीकडून. एक मेपासून ज्याचं तोंड नोंदलेलं नाही त्याला ॲप आत सोडणार नाही. वॉचमनने सोडायचं म्हटलं तरी नाही.

मी मावशीला सांगितलं तेव्हा ती करंदी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मी देनार न्हाय."

"मावशी, मग आत सोडणार नाहीत गं."

"नको सोडू दे. एकदा दिला ना सगला? आधार दिला, फोन दिला. काय केला त्याचा? बावीस वर्सां येते मी, माजा तोंड ह्या बिल्डिंगीत कोनाला ठावं न्हाय? ज्याला ठावं हाय त्याला दावायला नको, आनि ज्याला ठावं न्हाय त्याला मी का दावू?"

"आणि धंदा?"

आता तिचे हात थांबले. "ही गल्ली गेली तर मी पाटी कुठं नेऊ, बाय? ह्या वयात नवीन गल्ली कुठं बांधू?" मग पुन्हा करंदीला हात घातला. "पन तोंड न्हाय द्यायची."

मी उठून उभी राहिले. "तू या गेटमधून येशील. माझी जबाबदारी."

"तू काय करशील?" ती म्हणाली. "नाटक?"

"बघच तू," मी म्हटलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सोसायटीची खास सभा बोलावली होती. खालच्या पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दोन उभे पंखे, पाठीमागच्या भिंतीला पांढरी चादर लावून तिच्यावर कंपनीचा पडदा. चेअरमनसाहेब या योजनेवर लट्टू होते. निवृत्त माणूस, कडक इस्त्री, घनदाट काळे केस, आणि तंत्रज्ञान या शब्दावर नितांत श्रद्धा. कंपनीकडून एक चाळिशीचे गृहस्थ आले होते, गुळगुळीत दाढी केलेले, निळ्या जाकिटातले. बोलायला फार गोड. निम्मं मराठी, निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी. ही तीन निम्मी होतात हे मला माहीत आहे, पण ते बोलतच तितकं होते.

माझी पंचाईत वेगळीच होती. आदल्या संध्याकाळी मी पुन्हा तपासलं होतं. कुलूप आलं, पत्र आलं, पण सातच्या जागी सहा टाकला की दार अजून उघडत होतं. सभेत ते दाखवलं की काम फत्ते. पण दाखवायचं कुणाचं घर? चेअरमनसाहेबांचं दाखवलं असतं तर पार्किंगचं छप्पर उडालं असतं, आणि मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. रात्रभर नाही, पण दोन वेण्या घालून होईपर्यंत तरी झाला. मग आरशात बघून मी स्वतःला म्हटलं, बाई गं, दुसऱ्याचं दार उघडं टाकतात म्हणून तू भांडायला निघालीस, आणि पहिलं काम काय करणार, तर दुसऱ्याचं दार उघडणार? उरलं एकच घर. जे उघडायचा मला हक्क होता ते.

सभेत निळ्या जाकिटाने पाऊण तास पडदे बदलले. प्रत्येक पडद्यावर कुलूप. शेवटी ते म्हणाले, "एनी क्वेश्चन? कोणाला काही शंका?"

मी उभी राहिले. पदर सारखा केला. पुढे गेले, कारण मागून बोललेलं प्रेक्षकांना ऐकू येत नाही. "माझा अगदी बाळबोध प्रश्न आहे. आमच्या घरी कोण येतं जातं, हे परक्या माणसाला दिसू शकतं का?"

"मॅम, इम्पॉसिबल. पहिले जे काही होतं ते होतं. आता आमची पूर्ण कंपनी सुरक्षेसाठीच काम करतेय. बँकेच्या लॉकरसारखं समजा."

"तुम्ही माझे कोण?"

"मॅम?"

"दीर, जावई, मावसभाऊ? कुणीच नाही ना? आणि तुमच्या या लॅपटॉपवर मी कधी आमच्या घराचा पासवर्ड घातलाय?"

"नाही मॅम."

"मग मी सांगते तो पत्ता टाका. लॉकर उघडला तर माझी चूक."

ते हसले. लोकही हसले. मी एकेक अक्षर सांगत गेले, कचेरीत साहेब मला सांगायचे तसं, आणि या वेळी टाइप करणारं बोट दुसऱ्याचं होतं. "शेवटी चारशे सतरा," मी म्हटलं, "आणि मार्च महिना निवडा."

चादरीवर आमचं घर उघडलं. सात फूट रुंद. दूधवाला, कुरिअर, माझी नणंद, आणि होळीच्या सकाळी साडेदहाला स्टीलचा डबा घेतलेली एक हसरी बाई. शेजारी ठसठशीत अक्षरांत: पुरणपोळी, नग चाळीस.

एखादं नाटक पडतं तेव्हा प्रेक्षागृहात जी शांतता पसरते ती मला माहीत आहे. ही तशी नव्हती. ही नाटक रंगल्याची होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आधी बोलल्या. "अगं, पण तू मला जायफळ किती घालायचं ते सांगितलं होतंस! मी त्या मापाने करतेय दोन वर्षं!"

"माप चुकीचं आहे, काकू. मी अंदाजे सांगितलं होतं."

"तरीच!" काकूंच्या यजमानांनी मोठा निःश्वास सोडला.

आणि मग तिसऱ्या रांगेतून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, अगदी हळू. "थांब. म्हणजे माझ्यापासूनपण?"

"हो."

"पण मी बाजारातून यायचो तेव्हा लाटण्याचा आवाज येत असायचा."

"जिन्यात तुमची चप्पल वाजली की मी रिकाम्या पोळपाटावर लाटणं फिरवायचे."

"आणि कपाळाला पीठ लागलेलं असायचं ते?"

"मेकअप," मी म्हटलं.

आता पार्किंग कोसळलं. मी ते हसू पूर्ण ओसरू दिलं, घाई केली नाही. निळं जाकीट लॅपटॉपवर भराभर काहीतरी दाबत होतं. पडदा हटेना.

"मॅम, हा बहुतेक डेमो डेटा आहे."

"तुमच्या डेमोत माझ्या नणंदेचा फोटो कशाला?" मी विचारलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ओ साहेब, सातच्या जागी सहा टाका की! शेजारचं घर बघू!" लगेच दुसरा म्हणाला, "चारशे सोळा कुणाचं रे?" आणि तिसऱ्याने मोजून सांगितलं, "चेअरमनसाहेबांचं! टाका, टाका!" टाळ्या सुरू झाल्या. मी चेअरमनसाहेबांकडे पाहिलं. ते खुर्चीत बसले होते आणि त्यांचा एक हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे गेला होता.

मी लॅपटॉपच्या आडवी उभी राहिले. "नाही. माझं घर मी उघडलं. त्यांचं उघडायचा मला हक्क नाही. तुम्हालाही नाही. आणि यांना," मी निळ्या जाकिटाकडे बोट केलं, "तर मुळीच नाही. मी हे दार उघडं आहे म्हणून तीन पत्रं लिहिली. तिन्ही माझ्याकडे आहेत, प्रतींसकट. त्यांच्यासाठी यांच्याकडे वेळ नव्हता, आणि एवढं मोठं कुलूप रंगवायला होता. माझं काय गेलं? पोळ्यांची अब्रू गेली. हसलात, विसराल. पण यांच्याच यादीतून फोन गेला आणि आपली मासळीवाली मावशी दोन दिवस दार लावून बसली. तिची त्यांनी माफी मागितली? तिला सांगितलं तरी? आता तिच्याकडे तोंड मागतात. अहो, आधार बदलता येत नाही पण निदान लपवता येतं. तोंड गेलं तर बाई कुठलं तोंड घेऊन जाईल?"

निळ्या जाकिटाने लॅपटॉप मिटला.

"मॅम, आय विल एस्कलेट," निळं जाकीट म्हणालं. "पण सिक्युरिटी म्हणजे प्रवास असतो. आम्ही त्या रस्त्यावर आहोत."

"जरूर चाला," मी म्हटलं. "पोहोचलात की कळवा. तोवर आमची मावशी कॅमेऱ्यासमोर उभी राहणार नाही."

चेअरमनसाहेब उठले. घसा खाकरला. आणि तंत्रज्ञानावर नितांत श्रद्धा असलेल्या त्या माणसाने स्वतःच ठराव मांडला: कुणाचंही तोंड नोंदवायचं नाही, रोज येणाऱ्यांची नोंद गेटवर वहीत करायची, आणि आजवर दिलेली सगळी माहिती पुसून टाकायला कंपनीला लेखी कळवायचं. पहिल्या मजल्यावरच्या एका तरुण वकीलबाईंनी विचारलं, वही तर कुणीही वाचू शकतं, मग फरक काय? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, वही वाचायला गेटपर्यंत यावं लागतं, आणि गेटवर आपला वॉचमन बसलेला असतो. दिल्लीत बसून कुणाला ती चाळता येत नाही. त्यांना ते पुरतं पटलं नाही, पण हात त्यांनी वर केला. ठराव मंजूर झाला. विरोधात चार.

जिन्यात चेअरमनसाहेबांनी मला गाठलं. "वहिनी," ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "तुम्ही ते चारशे सोळा... कधी?"

"मी? छे," मी म्हटलं, आणि ते वाक्य मी माझ्या आयुष्यातल्या उत्कृष्ट अभिनयांत धरते.

तीन आठवड्यांनी कंपनीचा फोन आला. ते दार बंद केलं आहे, आपले आभार. मी संगणक उघडून सातच्या जागी सहा टाकला. पान मिळालं नाही. बंद केलं होतं, मान्य. मग माझं बोट पुन्हा घसरलं. या वेळी मी त्याला घसरू दिलं. महिन्याच्या अहवालाऐवजी वर्षाचा अहवाल मागितला, आणि शेवटी सहा. शनिवार, शनिवार, शनिवार. मी न वाचता बंद केलं, खरंच, या वेळी चहाही केला नाही. चौथं पत्र टाइप केलं.

आमचा ठराव मिळाल्यावर कंपनीने एक काम मात्र झटकन केलं. ॲपमध्ये आमच्या इमारतीच्या नावापुढे लाल कुलूप लावलं. उघडं. त्याच्याखाली लिहिलं, ही इमारत असुरक्षित आहे. समोरच्या इमारतीला हिरवं मिळालं. त्यांनी तोंडं नोंदवायचं ठरवलं होतं. त्यांच्या गेटवर नवा कॅमेरा बसला, आणि ते गेट मावशीला बंद झालं ते झालंच. तिथली सात घरं तिच्या हातून सुटणार, हे मला कितीही नाटक करून थांबवता आलं नाही.

एक मेला सुट्टी होती. मी सकाळी दहाला खाली जाऊन वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभी राहिले. मावशी गल्लीच्या तोंडाशी दिसली, पाटी डोक्यावर, आणि गेटसमोर येऊन थांबली. नेहमी कधी थांबत नाही ती. वॉचमनच्या हातातल्या फोनवर लाल पडदा आला आणि तो पीं पीं करायला लागला.

"मैडम, ये बोल रहा है मत छोड़ो," वॉचमन म्हणाला. "चेहरा नहीं मिला."

"तुला मिळाला ना?"

त्याने मावशीकडे बघितलं. "हमको तो रोज मिलता है."

"मग तुझी वही काढ."

त्याने कोरी वही काढली, नव्या पानावर स्वतः रेघ मारली. मावशीने पाटी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि पेन घेतलं. चर्चच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या तिच्या अक्षराला वेळ लागतो. वॉचमन थांबला, मी थांबले, फोन ओरडत राहिला.

"काय लिवू?"

"नाव आणि वेळ."

"आनि गाव?"

"तुला लिहायचं असेल तर लिही. नसेल तर नको."

तिने क्षणभर विचार केला. नाव लिहिलं, वेळ लिहिली, गावाचा रकाना कोरा ठेवला आणि पेन टेबलावर आपटून ठेवलं. तेवढ्यात समोरच्या हिरव्या गेटातून दोन बायका स्टीलची भांडी घेऊन बाहेर आल्या, रस्ता ओलांडून आमच्या गेटशी आल्या आणि वॉचमनला म्हणाल्या, "भैया, हमको भी लिखो. मावशीके पास जाना है." त्याने त्यांचीही नावं घेतली.

"चला गो, वर नको, पार्किंगमधे बसते," मावशी त्यांना म्हणाली, "दोन मिंटां थांबा, आधी माज्या म्हाताऱ्यांना देऊन येते." मी हात लावला, तिने पाटी उचलून डोक्यावर घेतली, त्या किंचाळणाऱ्या लाल पडद्यासमोरून मान ताठ ठेवून आत गेली, आणि पहिल्या मजल्यावर पोहोचायच्या आत तिची हाक सातव्यापर्यंत गेली: "मांदेली हाय, मांदेलीऽऽ! करंदी हाय!"